विश्लेषण : गाडी बिघडण्याआधी काय सांगते? विश्वासू गॅरेज ओळखायचे कसे?

बहुतेक बिघाड अचानक होत नाहीत. गाडी आधी आवाज, वास, धूर किंवा डॅशबोर्डवरील दिव्यातून सूचना देत असते. ती न कळल्यामुळे आधी गाडीचे आणि मग खिशाचे नुकसान होते. यावर ‘ओळखीचा मेकॅनिक’ हा उपाय खरोखर पुरेसा आहे का?

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाटाच्या मध्यावर तापमानाचा काटा लाल रेषेला टेकतो. एसीतून गरम हवा येऊ लागते. गाडी कशीबशी पहिल्या गॅरेजपर्यंत पोहोचते. मिस्त्री बॉनेट उघडतो आणि दोन मिनिटांत सांगतो, ‘साहेब, हेड गॅस्केट गेलंय. इंजिन खोलावं लागेल.’ हे खरे असेल तर खर्च हजारोंच्या घरात जातो. पण बिघाड फक्त रेडिएटरच्या पंख्याच्या फ्यूजमध्ये असेल, तर तो चहाच्या पैशांत दुरुस्त होतो. दोन्हीतले खरे काय, हे गाडीमालकाला कळत नाही. गॅरेजमधील सगळा व्यवहार या न कळण्यावरच चालतो.

ब्रेकचा आवाज काय सांगतो?

ब्रेक दाबताच किंचाळल्यासारखा बारीक आवाज येत असेल, तर बहुधा ब्रेक पॅड झिजत आले आहेत. अनेक पॅडमध्ये झीज कळावी म्हणून पत्र्याची छोटी पट्टी असते. तीच डिस्कला घासून हा आवाज करते. या टप्प्यावर फक्त पॅड बदलून भागते. दुर्लक्ष केले तर पुढे खरखर सुरू होते, म्हणजे लोखंडावर लोखंड घासू लागते. मग पॅडसोबत डिस्कचाही खर्च येतो.

ब्रेकचे पेडल मऊ लागणे, ते नेहमीपेक्षा खोल जाणे, ही अधिक गंभीर बाब आहे. याचा अर्थ ब्रेक ऑइल गळते आहे किंवा लाइनमध्ये हवा शिरली आहे. अशी गाडी गॅरेजपर्यंतही चालवत नेऊ नये. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायचे असते. घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला, तर तापलेल्या जुन्या ऑइलची वाफ होते आणि ऐन उतारावर ब्रेक लागत नाही. इंधन वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकण्याची सवय म्हणूनच जिवावर बेतू शकते. ज्या गिअरमध्ये घाट चढला जातो, साधारण त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या ट्रकचालकांचा नियम आजही बरोबर आहे.

सेल्फ लागत नाही म्हणजे बॅटरीच गेली का?

दर वेळी नाही. सेल्फ मारताना हेडलाइट मंद होत असतील, तर बॅटरी उतरलेली असू शकते किंवा तिच्या टोकांवर पांढरट-हिरवट क्षार साचलेला असू शकतो. हा क्षार साफ करून नट घट्ट केल्यावर अनेक गाड्या चालू होतात. दिवे लख्ख आहेत आणि फक्त ‘टक’ असा आवाज येतो, तर संशय स्टार्टरवर घ्यावा. नवी बॅटरी टाकूनही चार दिवसांत ती उतरली, तर दोष अल्टरनेटर, त्याचा पट्टा किंवा कुठेतरी वीज खाणाऱ्या जोडणीत असण्याची शक्यता अधिक.

याची चाचणी सोपी आहे. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. इंजिन चालू असताना तो सर्वसाधारणपणे १३.८ ते १४.५ च्या दरम्यान जातो. काही नव्या गाड्यांत चार्जिंगवर संगणकाचे नियंत्रण असल्याने आकडा थोडा बदलतो. मीटर लावून हे दोन आकडे न दाखवता जो थेट ‘बॅटरी बदला’ म्हणतो, त्याचे निदान अर्धवट आहे.

गाडी गरम झाली, धूर आला तर?

काटा चढू लागताच एसी बंद करून गाडी सुरक्षित जागी थांबवावी. रेडिएटरचे झाकण गरम असताना उघडू नये. दाबाखालचे उकळते पाणी तोंडावर उडते. इंजिन थंड झाल्यावर कूलंटची पातळी, पाइपची गळती आणि पंखा फिरतो की नाही, या तीन गोष्टी पाहाव्यात. हेड गॅस्केट खरोखर गेले असेल, तर त्याच्या खुणा बहुधा दिसतात : कूलंट वारंवार कमी होते, धूर दाट पांढरा येतो, ऑइलचा रंग दुधाळ होतो. इंजिन खोलण्यास होकार देण्याआधी या खुणा दाखवायला सांगाव्यात.

काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टरची तपासणी इथे आधी यावी. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. थंडीच्या सकाळी दिसणारी आणि लगेच विरणारी पांढरी वाफ मात्र सामान्य असते. गाडीखाली एसीचे स्वच्छ पाणी ठिबकणे हाही बिघाड नाही. ठिपका हिरवा किंवा गुलाबी असेल तर कूलंट, तपकिरी-काळा असेल तर ऑइल समजावे.

एक्सलेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही आणि करपल्याचा वास येतो, तेव्हा क्लच प्लेट घसरत असते. गाडी एका बाजूला ओढत असेल, तर आधी टायरमधील हवा पाहावी, नंतर अलाइनमेंट. महामार्गावर ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल, तर चाकांचे बॅलन्सिंग करून पाहावे. सस्पेन्शनचा खर्च ही त्यानंतरची पायरी.

‘चेक इंजिन’ दिवा लागल्यास?

साधारण नियम असा की लाल दिवा म्हणजे थांबा आणि पिवळा म्हणजे लवकर तपासा. ऑइलच्या कमी दाबाचा लाल दिवा लागल्यावर आणखी दोन-चार किलोमीटर जाणेही इंजिन निकामी करू शकते. पिवळा ‘चेक इंजिन’ दिवा सतत न राहता लुकलुकत असेल, तर एखादा सिलिंडर नीट पेटत नाही. तेव्हाही पुढे न जाणे शहाणपणाचे.

स्कॅनर लावल्यावर जो कोड येतो, तो बिघाडाचा पत्ता असतो, निदान नव्हे. उदाहरणार्थ, ‘पी०१७१’ या कोडचा अर्थ इंधनाच्या मानाने हवा जास्त, एवढाच. कारण फाटलेला पाइप असेल, मळलेला हवेचा सेन्सर असेल किंवा कमजोर झालेला इंधन पंप. कोड पाहून लगेच महागडा सेन्सर बदलणे हा आजचा नवा अंदाजपंचे कारभार आहे. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांच्या डिझेल गाड्यांत धुराचे कण अडवणारा फिल्टर असतो. फक्त शहरातल्या छोट्या फेऱ्या झाल्या तर तो तुंबतो. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे काही वेळ एकसारख्या वेगाने गाडी चालवल्यास तो बहुधा स्वतःच साफ होतो.

पावसाळ्यात गाडी पाण्यात बंद पडली, तर सेल्फ मारू नये, ही सूचनाही तितकीच महत्त्वाची. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतात. नेहमीच्या विम्यात असे नुकसान अनेकदा नाकारले जाते. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते.

अधिकृत सर्व्हिस सेंटर की बाहेरचे गॅरेज?

‘बाहेर काम केले तर वॉरंटी जाईल’ ही भीती सर्वाधिक विकली जाते. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू न देणे, हा त्यातील मुख्य आक्षेप होता. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, चुकीच्या दुरुस्तीमुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, अशी आयोगाची भूमिका होती. कंपन्यांनी आदेशाला आव्हान दिले आणि वाद पुढे चालला. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले, त्यात वाहन क्षेत्राचाही समावेश आहे.

तरीही व्यवहार म्हणून वॉरंटीच्या काळात अधिकृत केंद्र सोयीचे, हे मान्य करावे लागेल. मात्र तिथेही बिल डोळे मिटून भरू नये. इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, एसीचे निर्जंतुकीकरण, अंडरबॉडी कोटिंग या ओळी गाडीच्या पुस्तिकेतील वेळापत्रकात आहेत का, हे पाहावे. नसतील आणि तक्रारही नसेल, तर नकार देण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे.

विश्वासू गॅरेज कसे ओळखावे?

काकांच्या ओळखीचा मेकॅनिक प्रामाणिक असू शकतो. पण ओळख म्हणजे उत्तरदायित्व नव्हे. उलट ओळखीमुळे हिशेब मागायला संकोच वाटतो. त्यापेक्षा पाच गोष्टी पाहणे उपयुक्त :

- काम सुरू करण्याआधी जॉब कार्ड आणि लेखी एस्टिमेट मिळते का? मजुरी आणि पार्टची किंमत वेगवेगळी लिहिली आहे का?
- खर्च वाढणार असेल, तर आधी फोन करून परवानगी घेतली जाते का?
- बदललेला जुना पार्ट आणि नव्या पार्टचे एमआरपी छापलेले खोके दाखवले जाते का?
- बिघाड समजावून सांगताना मेकॅनिक गाडीजवळ नेऊन दाखवतो, की फक्त घाबरवतो?
- केलेल्या कामाची किती दिवसांची हमी आहे, हे बिलावर लिहून मिळते का?

नवे गॅरेज पारखण्यासाठी पहिले काम छोटे द्यावे : ऑइल बदलणे, ब्रेकची सफाई. इंजिन खोलण्याचे काम असेल, तर दुसऱ्या गॅरेजचे मत घेण्यात कमीपणा नाही. गाडी देताना किलोमीटर, इंधनाची पातळी आणि चारही बाजूंचे फोटो मोबाइलवर काढून ठेवावेत.

फसवणूक झालीच तर?

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिलेल्या सेवेचे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. म्हणून ‘बिल कशाला, जीएसटी लागेल’ या सवलतीची खरी किंमत मोठी आहे. बिल नसेल तर तक्रारीचा आधारच कमकुवत होतो. आधी गॅरेजला लेखी तक्रार द्यावी. नंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर दाद मागता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथे शुल्क नाही आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते.

मग खरी गरज कशाची?

सगळा दोष मेकॅनिकवर टाकणे सोपे आहे. पण आपल्याकडे बिघाड शोधण्याच्या श्रमाचे पैसे देण्याची पद्धतच रुजलेली नाही. डॉक्टरांची तपासणी फी कुरकुर न करता दिली जाते. तासभर खपून ‘फक्त फ्यूज उडाला होता’ असे सांगणाऱ्या मिस्त्रीच्या हातावर मात्र पन्नास रुपये टेकवले जातात. मजुरीत घासाघीस झाली की कमाई सुट्या भागांतून काढावी लागते. म्हणजे प्रामाणिक निदान करणारा तोट्यात जातो आणि पार्ट बदलणारा टिकतो. ग्राहकाची ही काटकसर शेवटी त्याच्याच बिलात वसूल होते.

त्यामुळे सुधारणा दोन्हीकडून हवी. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती वाजवी दरात सर्वांना खुली करावी आणि सरकारने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टलपुरते न ठेवता त्याला बंधनकारक नियमांचे बळ द्यावे. ग्राहकाने तपासणीची फी वेगळी द्यावी आणि तिच्या बदल्यात लेखी निदान मागावे. हेड गॅस्केट गेले की फ्यूज उडाला, हे खरे सांगण्यात मिस्त्रीचे नुकसान नसेल, तर घाटात अडकलेल्या प्रवाशाला खरे उत्तर मिळण्याची शक्यता कितीतरी वाढेल.