शेगडी विझवा, प्रश्न पेटवा

हेमलकशाच्या थंडीत शेकोटीला कोण नाही म्हणेल? पण तीच आग फायबरच्या कामाच्या शेडमध्ये नेली, की ती ऊब राहत नाही.

पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद पडतो. मग नाव लागते, आणि फायबरची नाव दुरुस्त करायची ती कोरड्या, थंड महिन्यांत. थंडीत रेझिन घट्ट होतं, लवकर सेट होत नाही. मग मालकाचा हुकूम येतो : दारं लावा, शेगडी पेटवा, उद्या माल द्यायचाय!

पॉलिस्टर रेझिनमधलं स्टायरीन साधारण ३१ अंशांनाच पेट घेण्याजोगी वाफ सोडतं. ती हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकत शेगडी गाठते. ब्रश धुवायचं ॲसिटोन तर शून्याखालीही पेटतं. बंद शेडमधल्या कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. गॅस-रॉकेलच्या ज्वालेतला ओलावा इपॉक्सीवर चिकट थर आणतो आणि पुढचा हात धरत नाही. म्हणजे जीवही धोक्यात आणि कामही वाया.

'गरिबाला सुरक्षा परवडत नाही,' असं सांगणाऱ्यांना विचारा, खर्च किती? शेड तापवायची गरजच नाही, काम तापवा. साचा सकाळपासून उन्हात ठेवा. रेझिनचा बंद डबा कोमट पाण्यात बसवा. पाणी शेडबाहेर, लांब तापवा. हात मारायचं काम अकरा ते तीन, दारं उघडी ठेवून. इपॉक्सीला थंडीतलं जलद हार्डनर घ्या, पण घाईसाठी प्रमाण बदलू नका. मिसळलेलं रेझिन कधीच तापवू नका. कॅटॅलिस्ट सावलीत ठेवा, कोबाल्टमध्ये थेट मिसळलं तर स्फोट होतो. तोंडावरचा रुमाल वाफ अडवत नाही. त्यासाठी कार्बनच्या कार्ट्रिजचा मास्कच लागतो, आणि तो मालकानं द्यायचा.

यातलं महाग काय आहे? महाग आहे ती फक्त घाई. आणि तिची किंमत कोण मोजतं? माडिया, गोंड आणि आपल्या वस्तीतली पोरं.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूर खात्याचे सदस्य होते. कामाचे तास आणि कामगाराचा जीव हा मालकाच्या दयेचा नव्हे, कायद्याचा विषय आहे, ही त्यांची भूमिका. १९४८ च्या कायद्यात विजेवर चालणारी जागा १० कामगारांवर कारखाना ठरत होती. २०२० च्या संहितेनं तो आकडा २० केला. चार पोरांची शेड तेव्हाही बाहेर, आताही बाहेर. चार जणांची फुप्फुसं वीस जणांपेक्षा स्वस्त असतात का?

म्हणून 'सांभाळून काम करा' हा उपदेश आम्हाला नको. कामगार कमी आहेत म्हणून संरक्षण कमी, हा हिशेब आम्हाला मान्य नाही. आपल्या गावातली एक शेड या हिवाळ्यात जाऊन बघा. शेगडी दिसली, तर आधी ती बाहेर काढा, मग मालकाला जाब विचारा.

जय भीम!