दोन चित्रांतले फरक ओळखा

आर्किटेक्चरच्या सादरीकरणात एक स्लाइड ठरलेली. डावीकडे 'ॲज-इज', उजवीकडे 'टू-बी', मधे एक जाडजूड बाण. दोन्हीकडे साठ-सत्तर चौकोन, उजवीकडच्यांच्या जागाही बदललेल्या आणि रंगही नवे. समोरचे माना डोलावतात. रविवारच्या पुरवणीत मुलांसाठी 'दहा फरक ओळखा' असतं ना, तेच हे. पुरवणीत निदान खाली उत्तरं उलटी छापलेली असतात!

माझं म्हणणं सरळ आहे. हे बदलाचं चित्र नव्हेच. ही दोन स्थितींची दोन चित्रं आहेत, आणि बदल शोधायचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यांवर ढकललंय. डोळे त्या कामाचे नाहीत. १९९७ साली रेन्सिंक, ओ'रेगन आणि क्लार्क यांनी थोडा फरक असलेले दोन फोटो, मधे क्षणभर कोरा पडदा टाकत, आलटून पालटून दाखवले. चांगले ठसठशीत फरकसुद्धा लोकांना पटकन सापडेनात. प्रोग्रामरला दोन प्रिंटआउट देऊन "बघ काय बदललंय" म्हणा, हाकलून देईल. युनिक्सवर १९७४ पासून डिफ आहे राव.

त्यातही सगळ्यात वाईट गत काढून टाकलेल्या गोष्टींची. नवा चौकोन दिसतो, गेलेला दिसणार कसा? एका विमा कंपनीत (नाव नको) हे पाहिलंय. जुन्या सिस्टिममधून रोज रात्री एक फाइल निघायची, तिच्यावरून हप्ता थकल्याच्या नोटिसा छापल्या जायच्या. 'टू-बी'त तो बाणच नव्हता. मुद्दाम काढला की राहून गेला, कुणी विचारलं नाही. नसलेल्या बाणाकडे बोट कोण दाखवणार? पॉलिसी बंद पडलेली माणसं काउंटरवर येऊन भांडायला लागली, तेव्हा कळलं.

गंमत म्हणजे टोगॅफमध्ये यावर उपाय आहे. गॅप ॲनालिसिसचा तक्ता: ओळींत जुने घटक, स्तंभांत नवे, शेवटी 'नवीन' अशी एक ओळ आणि 'वगळलेले' असा एक स्तंभ. त्या स्तंभात काही पडलं की ते जाणूनबुजून की चुकून, हे सांगावंच लागतं. दिसायला भिकार, पण प्रामाणिक. आर्किमेटमध्येही प्लॅटो आणि गॅप २०१२ च्या २.० आवृत्तीपासून आहेत. वापरतो कोण?

चित्रच हवं असेल तर एकच काढा. जुनी मांडणी हलवू नका. नवं हिरवं, बदललेलं पिवळं, गेलेलं लाल तुटक रेषेत पण आपल्या जागी, बाकी सगळं फिकट राखाडी. आणि तुलना नावावरून नको, आयडीवरून करा. 'बिलिंग'चं 'बिलिंग सर्व्हिस' केलं म्हणून एक चौकोन मेला आणि दुसरा जन्मला असं होत नाही. आर्किमेटच्या एक्स्चेंज फाइलमध्ये प्रत्येक घटकाला आयडी असतोच. स्क्रिप्ट एका दुपारचं काम.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "इतकं लाल बघून वरचे लोक घाबरतील." घाबरू देत की! प्रत्येक लाल बाणापुढे तो कुणाच्या सांगण्यावरून काढला, त्याचं नाव लिहून मागा. एखाद्या बाणापुढे नाव लिहायला कुणी तयार नसेल, तर तो बाण त्या दिवशी परत काळा करा आणि मग पुढच्या स्लाइडवर जा.