गायरानाचा न मांडलेला जमाखर्च

सातबाऱ्यावर ‘गायरान’ असा शेरा असलेली जमीन महसूल खात्याच्या लेखी सरकारची असते, ग्रामपंचायतीच्या लेखी गावाची असते आणि ज्यांची गुरे तिच्यावर चरतात त्यांच्या नावाने मात्र कोठेच नोंदलेली नसते. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या बाविसाव्या कलमाने गावाच्या गुरांना मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद केली. तिच्यामागे अर्थशास्त्र होते, दयाबुद्धी नव्हे. ज्याच्याजवळ बांधही नाही त्यालाही एखादी शेळी पाळता यावी, आणि ज्याच्याजवळ शेत आहे त्याला वैरणीसाठी पीक मोडावे लागू नये, एवढा साधा हिशेब त्यात होता. आज नेमक्या याच जमिनीवर सर्वांची दृष्टी आहे. अतिक्रमण करणाऱ्यांची आहेच. पण शाळा, दवाखाना, कचरा डेपो, औद्योगिक वसाहत आणि आता सौर ऊर्जा प्रकल्प यांसाठीही प्रथम बोट ठेवले जाते ते गायरानावर. कारण एकच सांगितले जाते : जमीन पडीक आहे.

‘पडीक’ हा शब्द वाटतो तितका निरुपद्रवी नाही. ब्रिटिश अमदानीत जी जमीन सारा देत नसे ती ‘वेस्ट’, असे वर्गीकरण रूढ झाले. सरकारी तिजोरीला उत्पन्न नाही म्हणजे जमिनीलाच उत्पन्न नाही, हा त्यातला अर्थ स्वातंत्र्यानंतरही पुसला गेला नाही. १९८५ साली राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झाले. पुढे उपग्रहांच्या साहाय्याने पडीक जमिनीचे नकाशे तयार झाले. २०१९ च्या नकाशासंग्रहानुसार देशाचे सुमारे १७ टक्के क्षेत्र पडीक ठरते. त्यात खरोखर नापीक झालेली जमीन आहे, तशीच झुडपांची आणि चराईची जमीनही आहे. उपग्रहाला गवत दिसते. त्या गवतावर कोणाचे दूध निघते ते दिसत नाही.

सह्याद्रीच्या पूर्वेला, पर्जन्यछायेच्या पट्ट्यात, साताऱ्याच्या माण-खटावपासून सोलापूर-अहिल्यानगरपर्यंत पसरलेली माळराने म्हणजे उजाड झालेली जंगले, असा एक समज सुशिक्षितांतही दृढ आहे. वस्तुतः कमी पावसाच्या, उथळ मुरमाड जमिनीत गवताळ प्रदेश हीच निसर्गाची स्वतंत्र आणि परिपूर्ण रचना असते. मारवेल, शेडा, पवना, कुसळी ही गवते उन्हाळ्यात वाळून गेल्यासारखी दिसतात. पण त्यांचा संसार जमिनीखाली मुळांत चाललेला असतो. पहिल्या वळवाचा मारा ती अंगावर घेतात, वाहणारे पाणी अडवतात, मुरवतात आणि माती धरून ठेवतात. माळाच्या खालच्या अंगाच्या विहिरीला फेब्रुवारीपर्यंत पाणी टिकते याचे श्रेय विहिरीचा मालक आपल्या पाणाड्याला देतो. त्यातला काही वाटा गवतालाही द्यावयास हवा.

या माळावर लांडगा, खोकड आणि चिंकारा राहतात. हिवाळ्यात दूरच्या मध्य आशियातून भोवत्या नावाचे शिकारी पक्षी येऊन गवतात रात्रीचा मुक्काम करतात आणि दिवसभर शेतांवरून फिरून नाकतोडे टिपतात. रानमाश्या आणि मधमाश्या माळावरच्या फुलांवर जगतात आणि हंगामात शेजारच्या सूर्यफुलावर किंवा बियाण्यासाठी राखलेल्या कांद्याच्या डेंगळ्यांवर उतरतात. कांद्याचे बी धरण्यासाठी या कीटकांची गरज किती असते हे ते पीक घेणाऱ्यास वेगळे सांगावे लागत नाही. ही सारी कामे फुकट होतात. ज्याची किंमत मोजावी लागत नाही ते राष्ट्रीय उत्पन्नात धरले जात नाही, आणि जे उत्पन्नात धरले जात नाही ते नष्ट झाले तरी तोटा दिसत नाही. उलट, परागीभवनासाठी मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणाव्या लागल्या की ते भाडे मात्र उत्पन्नात जमा होते!

या सेवांना पैशात मोजण्याचे प्रयत्न झालेले आहेत. १९९७ साली रॉबर्ट कॉस्टान्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साऱ्या पृथ्वीवरील निसर्गसेवांचे वार्षिक मूल्य सुमारे ३३ लाख कोटी डॉलर असल्याचे मांडले. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण गावच्या तलाठ्याला त्याचा काडीचाही उपयोग नाही. त्यापेक्षा एन. एस. जोधा यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास अधिक जमिनीवरचा होता. सात राज्यांच्या कोरडवाहू भागातील सुमारे ८० गावे त्यांनी पाहिली. त्यांत महाराष्ट्रातीलही गावे होती. गरीब कुटुंबांना चारा, सरपण, शेण, रानभाज्या या रूपाने सामाईक जमिनीतून मिळणारे उत्पन्न एकंदर उत्पन्नाच्या सुमारे १४ ते २३ टक्के असल्याचे त्यांना आढळले. सधन कुटुंबांच्या बाबतीत तो वाटा नगण्य होता. तीन दशकांत या जमिनींचे क्षेत्र एक तृतीयांशापासून निम्म्याहून अधिक घटल्याचेही त्यांनीच दाखवून दिले. गावाच्या निर्णयात ज्यांचा शब्द चालतो त्यांचे गायरानावाचून अडत नाही आणि ज्यांचे अडते त्यांचा शब्द चालत नाही, हे त्या आकड्यांचे सरळ भाषांतर आहे.

मेंढपाळांची गोष्ट आणखी वेगळी. राज्यातील सुमारे २७ लाख मेंढ्यांपैकी फार मोठ्या संख्येचे पोषण दावणीच्या चाऱ्यावर होत नाही, माळावर आणि कापणीनंतरच्या रानांत होते. दिवाळीनंतर धनगरांचे कळप कोकणाकडे उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. वाटेत शेतकरी मेंढ्या शेतात बसवून घेतो आणि त्याबद्दल धान्य किंवा रोख रक्कम देतो. कारखान्यातून न आलेले खत आणि रस्त्यावरून वाहून न न्यावी लागलेली वाहतूक असा हा व्यवहार आहे. रासायनिक खतावरच्या अनुदानाची चर्चा संसदेत तासन्‌तास चालते. या खताची चर्चा गायरान मोडताना ग्रामसभेतही होत नाही. पावसाळ्यात, शेते पिकांनी व्यापलेली असताना, कळपाला उभे राहण्यास माळ उरला नाही तर कळप विकावा लागतो. आणि कळप विकला की उन्हाळ्यातले खतही गेले.

माळ गेले ते केवळ सौर पट्ट्यांमुळे नव्हे, हे मान्य केले पाहिजे. १९७९ साली सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत ८,४९६ चौरस किलोमीटरचे माळढोक अभयारण्य जाहीर झाले. त्यात गावे, शेते, रस्ते सारेच आले. जमीन खरेदी-विक्रीवरील निर्बंधांनी लोक पक्ष्यावरच रुष्ट झाले आणि पुढे ते क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. दरम्यान उजनीचे पाणी आले, ऊस आला, तारा आल्या. ज्या नान्नजला माळढोकासाठी लोक येत, तेथे आता तो दिसला तर वर्तमानपत्रात बातमी होते. लोकांना विश्वासात न घेता केलेल्या संरक्षणाचा हा परिणाम म्हणता येईल. पण त्याच्या उलट टोकाचा हिरवा उत्साहही माळाला मानवला नाही. २०१६ ते २०१९ या काळात राज्यात ५० कोटी वृक्षलागवडीची मोहीम झाली. झाड लावण्यास विरोध कोण करणार? परंतु गवताळ माळावर खड्डे खणून गिरिपुष्पासारखी परकी झाडे लावली की गवत, मेंढी आणि चिंकारा तिघांचाही घास जातो, हे सांगणाऱ्यास पर्यावरणाचा शत्रू ठरविले जाते.

सामाईक जमीन म्हणजे उधळपट्टी ठरलेलीच, असा सिद्धांत १९६८ साली गॅरेट हार्डिन यांनी मांडला आणि पदवीच्या वर्गात तो अजून शिकविला जातो. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी स्वित्झर्लंडमधील कुरणे, जपानमधील गावरान जंगले आणि स्पेनमधील पाटपाणी यांचा अभ्यास करून, नियम लोकांनी स्वतः केलेले असले तर सामाईक साधने शतकानुशतके टिकतात, असे दाखवून दिले. त्यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. धुळ्याकडच्या पांझरा नदीवरील फड पद्धत पाहिलेल्या कोणासही यात नवल वाटू नये. हिवरे बाजारने चराईबंदी केली, गवत कापून नेण्याचे नियम ठरविले आणि डोंगर पुन्हा हिरवा केला. मात्र बंदीचा भार शेळी-मेंढीवाल्यावर पडतो आणि कापलेल्या गवताचा लाभ दावणीला गाई असणाऱ्यास अधिक होतो. असे नियम करताना फिरस्त्या मेंढपाळाला बैठकीत जागा आहे की नाही, हा प्रश्न आदर्श गावांनाही विचारावा लागेल.

आता सौर प्रकल्पांविषयी. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी या मागणीशी वाद नाही. रात्री सापा-विंचवातून मोटार सुरू करण्यास जाणाऱ्याला तिचे मोल ठाऊक आहे. एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये खासगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे ठरले. शासकीय जमीन, आणि तिच्यात गायरानही आले, नाममात्र भाड्याने देण्याचे धोरण आहे. ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरसाल पाच लाखांचे अनुदान मिळते. एकाच गावात, एकाच उन्हाखाली, धुऱ्याच्या अलीकडच्या हेक्टरची किंमत सव्वा लाख आणि पलीकडच्याची जवळजवळ शून्य, ही विसंगती कोणत्याही अर्थशास्त्राला पटणारी नाही. जे फुकट मिळते ते प्रथम घेतले जाणार, आणि प्रकल्पाची जागा ठरविताना गायरान वरच्या क्रमांकावर राहणार, हे उघड आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपाल सिंग प्रकरणात गावांच्या सामाईक जमिनी ग्रामसभांना परत मिळाव्यात असा निर्वाळा दिला. त्याचा रोख अतिक्रमणांवर होता; शासनानेच मार्ग काढून घेतलेल्या जमिनींचा प्रश्न त्याने संपत नाही. तेव्हा गायरानालाही खासगी जमिनीइतकेच भाडे आकारावे आणि ते तीन नव्हे तर करार संपेपर्यंतच्या सर्व वर्षांसाठी चारा, खत आणि पाणी गमावणाऱ्या कुटुंबांकडे वळवावे, ही किमान मागणी ठरते. त्याआधी सरकारी इमारतींची छपरे, कालव्यांचे काठ आणि सांगली-कोल्हापूरकडे उसाच्या अतिपाण्याने क्षारपड होऊन गेलेली शेते तपासून पाहावीत. पडीक हे विशेषण खरे तर त्यांनाच शोभते. आणि ठराव ज्या ग्रामसभेत होणार तिची तारीख दिवाळीनंतर धरू नये. त्या वेळी मेंढरे आणि त्यांची माणसे घाट उतरून गेलेली असतात.