स्टॅगहॉर्न फर्न: तपकिरी पान म्हणजे मेलेले पान नव्हे

हरणाच्या शिंगांसारख्या पानांचे स्टॅगहॉर्न फर्न घरी आणले, की काही महिन्यांत ‘ते सुकतेय’ अशी तक्रार सुरू होते. मग तपकिरी पाने खुडली जातात, पाणी वाढवले जाते आणि झाड खरोखरच मरते. दोष झाडाच्या नाजूकपणाचा नाही, घाईच्या उपचारांचा आहे.

या नेच्याला दोन प्रकारची पाने असतात. बुडाशी चिकटलेली ढालीसारखी पाने कालांतराने तपकिरी होतातच. ती मुळांना झाकतात, ओलावा धरून ठेवतात. ती काढणे म्हणजे झाडाचे पांघरूण ओढणे. शिंगांच्या टोकाखालचे तपकिरी मखमली ठिपकेही रोग नव्हेत. ते बीजाणू असतात.

खरा धोका बुडाशी पडणाऱ्या काळ्या, मऊ डागांचा. पूर्व ऑस्ट्रेलियाच्या जंगलांत हे नेचे मातीत नव्हे, झाडांच्या खोडांवर वाढते. तिथे पाणी निथळून जाते, मुळांना हवा मिळते. कुंडीतल्या सतत ओल्या मातीत तीच मुळे कुजतात.

म्हणून ते लाकडी फळीवर मॉससह बांधावे, थेट ऊन टाळून भरपूर उजेड द्यावा. फळी उचलून हलकी लागली, तरच भिजवावे. पावसाळ्यात तर हात आखडता घेतलेलाच बरा.