भयकथा पंक्तीबाहेर का?
नारायण धारपांनी (१९२५–२००८) मराठी वाचकांच्या पिढ्यांना भयकथेची गोडी लावली. समीक्षेने मात्र त्यांची फारशी दखल घेतली नाही. आक्षेप जुनाच : कथानके उसनी. त्यांच्या ‘लुचाई’ या कादंबरीमागे अमेरिकन भयकथाकार स्टीफन किंग आहे, हे खरे आणि ते ऋण स्पष्ट सांगायलाच हवे. पण परकी भीती ओळखीच्या माजघरात आणून बसवायला कसब लागते. ‘तुंबाड’ (२०१८) या चित्रपटामागेही धारपांच्या कथेची प्रेरणा आहे. भयकथा म्हणजे निव्वळ करमणूक, असेही म्हणतात. पण भीती रोजच्या जगण्यातही असते. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-आंबेगावात उसाच्या फडात बिबट्या वावरतो. रात्रीच्या विजेवर पाणी भरायला निघालेला शेतकरी बॅटरीच्या झोतापलीकडचा अंधार जोखत चालतो. न दिसणाऱ्या धोक्यापुढे माणूस कसा वागतो, हा गंभीर साहित्याचाच विषय आहे. विद्यापीठांनी धारप उसनवारीसकट अभ्यासावेत.