पनवेलला विमानतळ आला, पण बौद्ध लेण्यांपर्यंत यात्रेकरू पोहोचणार का?

8 ऑक्टोबर 2025 ला नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन झालं आणि 25 डिसेंबरपासून विमानं उडू लागली. तेव्हापासून सोशल मीडियावर एक चर्चा दिसते: आता श्रीलंका, थायलंड, जपानचे बौद्ध यात्रेकरू थेट पनवेलला उतरतील आणि कोकणातली लेणी बघतील.

कल्पना चांगली आहे. पण या विमानतळाच्या जमिनीतच एका लेण्याचा वाद गाडला गेलाय. आधी तो समजून घेऊ.

केरूमाता लेण्याचा वाद काय होता?

विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला आणि 10 गावं हलवली गेली. त्यातल्या वाघिवली परिसरात खडकात कोरलेलं एक ठिकाण होतं. गावकरी तिथे केरूमातेची पूजा करत. हे मूळचं प्राचीन बौद्ध लेणं आहे, ते वाचवा, अशी मागणी बौद्ध संघटनांनी केली, आंदोलनंही झाली. पण विमानतळाच्या कामात ते ठिकाण गेलं.

लेण्यात पुढे देवीची पूजा सुरू होणं नवीन नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहासमोरच एकवीरा आईचं मंदिर आहे.

मग कार्ले सुरक्षित आणि हे का नाही?

इथे कायदा महत्त्वाचा ठरतो. 1958 च्या केंद्रीय कायद्यानुसार संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या 200 मीटरवर निर्बंध. राज्याचाही 1960 चा स्वतंत्र कायदा आहे. पण हे संरक्षण मिळतं ते यादीत नाव असलेल्या स्मारकाला. यादीत नसलेलं लेणं सरकारी कागदावर बहुतेक वेळा नुसता खडकच असतो. आणि प्रकल्पाची आखणी झाल्यावर त्याचं वय ठरवायला बसलं, तर उशीर झालेला असतो.

पनवेलहून काय काय बघता येतं?

- कार्ले आणि भाजे: पनवेलहून सुमारे 60 किलोमीटर. कार्ल्याचं चैत्यगृह देशातल्या सर्वात मोठ्या चैत्यगृहांपैकी एक.
- कोंढाणे: कर्जतजवळ, राजमाचीच्या पायथ्याशी. लाकडी बांधकामाची हुबेहूब नक्कल दगडात केलेली दिसते.
- ठाणाळे: सुधागड तालुक्यात, जंगलातली पायवाट.
- गांधारपाले: मुंबई-गोवा महामार्गालगत, महाडजवळ. बाबासाहेबांनी 20 मार्च 1927 ला सत्याग्रह केला ते चवदार तळं इथून अगदी जवळ.
- कान्हेरी: मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात, 100 हून जास्त लेणी. कल्याण, सोपारा इथल्या दात्यांची नावं शिलालेखांत आहेत.

म्हणजे ही लेणी बंदरांना आणि घाटवाटांना जोडूनच उभी राहिली. व्यापारी दान देत, भिक्षू पावसाळ्यात मुक्काम करत.

फक्त विमानतळ पुरेसा आहे का?

नाही. उत्तर प्रदेशात कुशीनगरचा आंतरराष्ट्रीय विमानतळ 20 ऑक्टोबर 2021 ला सुरू झाला. पहिल्या दिवशी कोलंबोहून भिक्षूंना घेऊन विमान आलं. त्यानंतर नियमित आंतरराष्ट्रीय सेवा काही रुजली नाही. तेही बुद्धांच्या महापरिनिर्वाणाच्या जागी!

परदेशी यात्रेकरू प्रामुख्याने लुंबिनी, बोधगया, सारनाथ, कुशीनगरला जातात, कारण ती ठिकाणं बुद्धांच्या आयुष्याशी जोडलेली आहेत. रायगडच्या लेण्यांचं तसं नाही. त्यांचा खरा यात्रेकरू घरचाच आहे. 2011 च्या जनगणनेनुसार देशातल्या सुमारे 84 लाख बौद्धांपैकी 65 लाख महाराष्ट्रात राहतात. त्यांना हवी आहे स्टेशनवरून सुटणारी एसटी, पाण्याची सोय, स्वच्छतागृह आणि शिलालेखाचा अर्थ मराठीत सांगणारा फलक.

आता काय व्हायला हवं?

विमानतळाभोवती आता रस्ते, गोदामं, टाउनशिप येणार. त्यामुळे रायगडमधल्या यादीबाहेरच्या लेण्यांची पाहणी आणि नोंद आधी व्हायला हवी, जमिनीचे नकाशे नंतर.

तुम्हीही हातभार लावू शकता. लेण्यात गेलात तर संरक्षित स्मारकाचा निळा फलक आहे का बघा. नसेल तर फोटो आणि ठिकाण राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला लेखी कळवा. रील नंतर टाकली तरी चालेल. आधी नोंद झाली पाहिजे.