म्हैस दूध देते का?

बँकेत होतो तेव्हा कर्जवाटपाचे उद्दिष्ट पुरे झाले की वरून शाबासकी यायची. कर्जातून घेतलेली म्हैस दूध देते का, हे कुणी विचारत नसे. संशोधकांचे मोजमाप पाहताना मला ती म्हैस आठवते.

भौतिकशास्त्रज्ञ हर्श यांनी २००५ साली ‘एच-निर्देशांक’ सुचवला. एखाद्याच्या चाळीस निबंधांचा प्रत्येकी किमान चाळीस वेळा इतरांनी उल्लेख केला, तर निर्देशांक चाळीस. खोडून काढण्यासाठी केलेला उल्लेखही त्यात जमेलाच!

ब्रिटनमधले चिकित्सा मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांचे चिंताविकारांवरचे निबंध पुष्कळ उल्लेखले जातात. पण त्यांनी अर्थतज्ज्ञ रिचर्ड लेयार्ड यांच्यासह सरकारचे मन वळवले, आणि २००८ पासून इंग्लंडमध्ये सरकारी मानसोपचार सेवा सामान्यांपर्यंत पोचू लागली. तिथे प्रत्येक भेटीत रुग्णाकडून प्रश्नावली भरून घेतात. उपचार पूर्ण करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे बरे होतात, हे त्यातूनच कळते. न झालेलेही त्याच वहीत दिसतात. याला मी खरा हिशेब म्हणतो.

विद्यापीठांनी निबंध जरूर मोजावेत. पण एक रकाना रुग्णासाठीही ठेवावा. त्याला आता रात्री झोप लागते का?